श्रावणातला खानदेश : बायांनी घडवलेल्या बायका

गुरुवार, अजिंठा

अजिंठा तसा खानदेशाच्या वेशीबाहेरचा. पण जळगाव स्टेशनात उतरून एसटी धरली की दीड-दोन तासांत फर्दापूर येतं, आणि मला सुरुवात तिथूनच करायची होती. पाऊस नुकताच थांबला होता. वाघूर दुथडी भरून वाहत होती आणि लेण्यांच्या पायऱ्या शेवाळल्या होत्या.

मी शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात ‘मी’ हा विषय दिला की मुली भराभर काढायला बसतात. मोठे डोळे, लांब केस, झालरीचा फ्रॉक, आणि दोन्ही हात पाठीमागे. दरवर्षी हेच. हात काढायला अवघड असतात हे खरं, पण मुलगे निदान बॅट तरी धरून उभे राहतात. मुलींच्या चित्रांतले हात जातात कुठे, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या मनात आहे. बायांनी बाई घडवली, मग ती चित्रात असो, ओवीत असो की पूजेच्या पाटावर, तर तिचे हात कसे असतात, हे पाहायला मी निघाले होते.

अजिंठ्यात हातांना तोटा नाही. सतराव्या लेण्यात आरसा धरलेली राजस्त्री आहे. तिच्या बोटांची वळणं पाहताना आपलीच बोटं नकळत हलतात. सोळाव्या लेण्यातली, जिला मरणोन्मुख राजकन्या म्हणतात, तिचा गळून पडलेला हात तर सगळं दुःख एकटा सांगतो. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात हे काम झालं. गेरू, पिवळी माती, काजळी आणि दूर देशातून आणलेला लाजवर्दाचा निळा रंग. यापेक्षा सुंदर स्त्रीदेह भारतात कुणी रंगवला असेल असं मला वाटत नाही. तरीही दिवसभर पाहून झाल्यावर जाणवलं की हे हात कमळ धरतात, आरसा धरतात, चवरी ढाळतात. ते फार मोलाने पाहिलेले हात आहेत. बाहेरून पाहिलेले.

1936 साली चित्रकार अमृता शेरगिल इथे येऊन गेली. मुंबईतलं प्रदर्शन आटोपून ती वेरूळ-अजिंठ्याला आली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या मुलीला इथल्या भिंतींनी हलवून सोडलं. इथून ती दक्षिणेत गेली आणि 1937 मध्ये तिने वधूच्या शृंगाराचं चित्र रंगवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले आहे. बसण्याची ढब, अंगाची गोलाई, मातकट लाल रंग, सगळीकडे अजिंठा आहे. पण त्या नवरीच्या चेहऱ्यावर उत्सव नाही. मेंदीचे लाल तळवे घेऊन ती बसून आहे, आणि भोवतीच्या बायका तिला सजवत असूनही ती एकटी आहे. तोच देह, तीच बसण्याची पद्धत, पण आत काय चाललंय ते रंगवणारीला ठाऊक आहे. अमृता अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरात गेली. आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती तिला.

शुक्रवार, जळगाव आणि आसोदा

सकाळी जुन्या जळगावातला चौधरी वाडा गाठला. बहिणाबाई सासरी आल्या त्या या घरात, वयाच्या तेराव्या वर्षी. त्यांच्या वापरातल्या वस्तू इथे जपून ठेवल्या आहेत. जात्यासमोर मी खाली बसले, कारण उभ्याने जातं कळत नाही. खुंट्याची उंची, पाय कुठे पसरायचा, वाकताना पाठ कुठून वळते, हे सगळं बसल्यावर ध्यानात येतं. ओवीची लय या वळणातून आली आहे. हात पुढे जातो तेव्हा एक श्वास, मागे येतो तेव्हा दुसरा.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरात तीन मुलं, आणि त्यांतला ओंकार प्लेगमुळे अधू झालेला. शेत, गोठा, जातं आणि चूल सांभाळताना जे सुचलं ते त्या म्हणत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं बरंचसं उतरवून घेतलं. बहिणाबाई 1951 साली गेल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी छापली गेली. हे उतरवून घेणं झालं नसतं तर? त्या वाड्याच्या अंगणात मला हा विचार फार छळत राहिला. त्या काळी याच पेठेत आणखी किती जात्यांवर किती बाया गात असतील, आणि त्यांच्या घरात कुणी वही धरली नसेल.

त्यांची जोतिषाला दारातून परत पाठवणारी कविता शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. तळहातावरच्या रेघा म्हणजे नशीब नव्हे, असं ती विधवा बाई त्याला बजावते. पण मला त्यांच्या दुसऱ्या एका कवितेतली जागा जास्त मोठी वाटते. कपाळाचं कुंकू पुसलं तरी गोंदण राहिलं आहे, आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटात कर्तृत्व आहे, असं ती म्हणते. समाज विधवेच्या अंगावरून एकेक खूण उतरवत जातो, आणि ही बाई त्याच अंगावर बोट ठेवून उरलेलं दाखवते. कपाळ आणि मनगट. स्वतःच्या देहाकडे इतक्या निर्भयपणे पाहणारं दुसरं काही मला पटकन आठवत नाही, ना कवितेत ना चित्रात. हे व्यक्तिचित्र आहे आणि त्यात हात पाठीमागे नाहीत.

दुपारी आसोद्याला गेले. हे बहिणाबाईंचं माहेर, जळगावपासून अगदी जवळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती, आणि बाया रांगेने निंदणी करत होत्या. गावात एका ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. “कुठल्या वं तुम्ही?” त्यांनीच विचारलं. मी शेजारी बसले आणि शेंगा फोडू लागले. थोड्या वेळाने मी त्यांच्या हाताकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी बाही वर केली.

मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. खाली ठिपक्यांच्या दोन ओळी, पाटल्यांच्या जागी. वर तुळशीवृंदावन, त्याच्या दोन बाजूंना दोन पक्षी. कातडी सुरकुतल्यामुळे पक्षी जरा वाकले होते आणि हिरवा-निळा रंग पसरला होता. मधल्या एका ठिपक्याला हात लावून त्या म्हणाल्या, इथं फार दुखलं होतं, मी ओरडले तेव्हा मायने माझं तोंड धरलं होतं. किती वर्षांच्या होतात, असं विचारलं तर म्हणाल्या, लगीन व्हायचं होतं. मग हात माझ्यापुढे नीट धरून म्हणाल्या, “सोनं इथंच राहीन. हे संगं यीन.”

गोंदण मी मुलींना कधी शिकवलं नव्हतं. आता वाटतं, शिकवायला हवं. दुखण्यासकट. तो देह सजवण्याचा प्रकार आहेच, पण लहान मुलीला धरून, तिची इच्छा न विचारता केलेली खूणही आहे. आणि तीच खूण म्हातारपणी त्या आजींची स्वतःची मालमत्ता झाली आहे, कुणी काढून न घेण्यासारखी. ही दोन्ही सत्यं एकाच हातावर आहेत.

शनिवार, मुक्ताईनगर आणि चांगदेव

भुसावळमार्गे एसटीने मुक्ताईनगर. कोथळीचं मुक्ताबाईचं जुनं मंदिर शांत होतं. आषाढीची पालखी इथून पंढरपूरला जाते, तेव्हा महिनाभर चालत असते. ती नुकतीच परतली होती, आणि वारीला जाऊन आलेल्या दोन बाया मंडपात पाय चोळत बसल्या होत्या. त्यांच्या टाचांच्या भेगांत अजून वाटेची माती होती. मी विचारून त्या पायांचं रेखाटन केलं.

बाहेरच्या दुकानांत मुक्ताबाईच्या तसबिरी मिळतात. गोरी, गुबगुबीत, नजर खाली. ज्या मुलीने ज्ञानेश्वरांना दार उघडायला लावलं, तिचं हे रूप मला पटत नाही. भाऊ लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून बसला, तेव्हा ही दाराबाहेर उभी राहून त्याला संताचं लक्षण समजावते. वयाने सगळ्यांत धाकटी.

दुपारी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर गेले. नदीला गढूळ पाणी आलं होतं. घाटावर उभी असताना वारकरी परंपरेतली ती गोष्ट आठवली. मुक्ताबाई स्नान करत असताना चांगदेवाची नजर पडली आणि तो पाठ फिरवून चालू लागला. एवढा मोठा योगी, चौदाशे वर्षांचं आयुष्य सांगणारा. मुक्ताबाईने त्याला थांबवलं. गुरुकृपा असती तर मनात विकार आला नसता, भिंतीत कोनाडा असतो तशी तुला मी दिसले असते, गाय रानात हिंडते तिला कुठे वस्त्र असतं, असं तिने त्याला सुनावलं. लाजायचं कुणी, हा प्रश्न तिने उलटवला. पुढे चांगदेव तिचा शिष्य झाला.

न्हाणाऱ्या बाईकडे पुरुष पाहतात ही गोष्ट युरोपातही शेकडो वेळा रंगवली गेली आहे. बायबलमधली सुझाना बागेत स्नान करते, दोन म्हातारे न्यायाधीश लपून पाहतात आणि तिला धमकावतात. कितीतरी चित्रकारांनी त्या निमित्ताने एक देखणी नग्न स्त्री रंगवून घेतली आणि म्हाताऱ्यांना कोपऱ्यात ठेवलं. 1610 साली आर्टेमिझिया जेंटिलेस्की या जेमतेम सतरा वर्षांच्या मुलीने रोममध्ये हाच विषय घेतला. तिची सुझाना दगडी कठड्यावर पिळवटून बसली आहे, मान वळवलेली, आणि दोन्ही हात वर करून ती त्या दोघांना ढकलते आहे. म्हातारे तिच्या डोक्यावर ओझ्यासारखे वाकलेले. चित्र पाहणाऱ्याला सुखाची जागाच ठेवलेली नाही. ते हात मी विद्यार्थिनींना छापील चित्रावर बोट ठेवून दाखवते.

मुक्ताबाईची गोष्ट त्याहून पुढे जाते असं मला संगमावर उभं राहून वाटलं. ती ढकलत नाही, अंग चोरत नाही, हाक मारून समोर बोलावते. हे चित्र कुणीतरी बाईने काढायला हवं. मी तिथेच वही उघडली. चांगदेवाची पाठ उजवीकडे, कागदाच्या कडेला. मुलगी पाण्यात उभी, ओले केस, सावळी, काटकुळी, नजर सरळ. हात कुठे ठेवायचे यावर अडले. छातीवर आडवे घेतले की सगळं बिघडतं. शेवटी एका हातात पाण्याचा तांब्या दिला, न्हाणं चालू असल्यासारखा. आंघोळ तिची आहे, ती ती पुरी करणार.

रविवार, अमळनेर

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे कानबाईचा. खानदेशात घरोघर मांडली जाणारी ही देवी, नारळावर चेहरा काढून घडवलेली. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमळनेरला नांदते. ती स्वतः चांगली चित्रकर्ती आहे. तिने आधीच बजावलं होतं, “मॅडम, दुपारच्या आत या, चेहरा काढताना बघायचाय ना?”

घरात पोचले तेव्हा माजघरात दळणाचा वास भरला होता. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घेतलेले. भाऊबंद पुण्या-सुरतेहून आले होते. कानबाईला घराबाहेर गेलेला माणूस परत येतो, मग भांडण असो की काही असो. पुरुषही कामाला लागले होते. कुणी केळीचे खांब बांधत होतं, कुणी चौरंग पुसत होतं. पण नारळाला हात लावायचा तो घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांना सगळे मोठी माय म्हणतात.

जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून नारळ निघाला. तपकिरी, हलका, आतलं पाणी कधीच आटलेलं. सासूच्या सासूपासूनचा हाच. मोठी मायने तो ओल्या फडक्याने पुसला, हळद लावली, सुकू दिली. मग कणकेची गोळी घेऊन अंगठा आणि तर्जनीत नाक वळलं. एकदा लावलं, मान मागे घेऊन पाहिलं, काढून पुन्हा वळलं. ते धारदार हवं होतं. ओठांना ओलं कुंकू. डोळे सगळ्यांत शेवटी. काडीला कापूस गुंडाळून तो तुपातल्या काजळात बुडवला. एरवी कप धरताना थरथरणारा त्यांचा हात तेव्हा थांबला. वरच्या पापणीची रेघ एका दमात आली. खालची त्याहून जाड. बाहुली मोठी, अगदी मध्ये. मी विचारलं, देवीची नजर खाली नाही का ठेवत? नारळावरून दृष्टी न काढता त्या म्हणाल्या, “डोया खाले नको. घरनं बठ्ठं तिलेच दखनं पडस.” घरातलं सगळं तिलाच पाहावं लागतं ना.

मग नथ, कलशावर बसवणं, नेसवणं. नवं लुगडं, दागिने, फुलं. पाहता पाहता चौरंगावर एक भक्कम बाई बसली. रुंद, बुटकी, टक लावून पाहणारी. नाजूकपणाचा लवलेश नाही. ही देवी तिच्या घडवणारीसारखीच दिसत होती. मोठी मायचं नाक तसंच आहे.

हात मात्र नव्हते. नारळ, कलश आणि लुगडं यांत हात येणार कुठून? मी ते बोलून दाखवलं तेव्हा रोट लाटणारी धाकटी जाऊ म्हणाली, “तिना हात आम्हीच ना. ते पीठ द्या इकडे.” मी परात पुढे सरकवली आणि स्वतःही बाह्या सरसावून बसले.

रात्री जागरण होतं. अहिराणी गाणी सुरू झाली. मधल्या एका गाण्यात कानबाई चक्क दमते, बसते, घाम पुसते. गाणाऱ्या बाया हसत होत्या. मला मात्र तिथे भरून आलं. अजिंठ्यापासून दिल्लीच्या संग्रहालयापर्यंत घाम पुसणारी देवी मी पाहिलेली नाही.

पहाटे माझ्या विद्यार्थिनीने गच्चीवरच्या खोलीत तिची चित्रं दाखवली. बाळंतपणानंतरची आत्मचित्रं आहेत. सैल पोट, त्यावर सिझेरियनच्या टाक्याची आडवी रेघ, दुधाने ओला झालेला गाऊन. एका चित्रात ती चुलीसमोर बसली आहे आणि टाका कपड्याखालून लाल विस्तवासारखा दिसतो. एका प्रदर्शनासाठी तिने ही पाठवली तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, असली चित्रं घरात कोण लावणार? तेव्हापासून ती कापडात गुंडाळलेली आहेत. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. तिला पाउला मोडरझोन-बेकरबद्दल सांगितलं. 1906 साली पॅरिसमध्ये लग्नाच्या वाढदिवशी या जर्मन चित्रकर्तीने स्वतःला गरोदर, कमरेपर्यंत उघडी रंगवली. तेव्हा ती गरोदर नव्हतीही. स्वतःच्या पोटावर हात ठेवून ती आरशातून सरळ पाहते. पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर काही दिवसांत ती वारली, एकतीस वर्षांची. आज ते चित्र कलेच्या इतिहासात मानाने शिकवलं जातं. घरात कुणी लावलं नाही म्हणून ते लहान झालं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “मॅडम, मोठी मायने ही चित्रं पाहिलीत. टाक्याच्या रेघेवर बोट फिरवून म्हणाली, माझ्या वेळेला हे नव्हतं, नाहीतर माझे दोघं वाचले असते.”

सोमवार, बोरी नदी

विसर्जन. बाया कानबाई डोक्यावर घेऊन निघाल्या, पुढे डफ आणि बँड. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सासवा भर रस्त्यात नाचत होत्या, फुगड्या घालत होत्या. वजनदार, गुडघे दुखणाऱ्या बाया. बोरीच्या काठावर पूजा झाली, नारळाला नदीचं पाणी लावलं, आणि चेहरा पुसून तो पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गेला. पुढच्या वर्षी नवे डोळे. एवढं मन लावून काढलेलं चित्र एका दिवसात पुसून टाकायचं, याची मोठी मायला काही खंत दिसली नाही. मला होती. मी आदल्या दिवशी फोटो काढून ठेवले होते.

मंगळवार, नंदुरबार

सुरत लाइनच्या गाडीने नंदुरबार. सातपुड्यातून उतरलेल्या भिल्ल आणि पावरा बाया बाजारात होत्या, गळ्यात चांदीची जाड कडी, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. एका कोपऱ्यात बॅटरीवरच्या यंत्राने गोंदणारा बसला होता. त्याच्यापुढे उभ्या तरुण मुली आता स्वतः पैसे देऊन, स्वतः नक्षी निवडून गोंदवून घेत होत्या. आसोद्याच्या आजी आठवल्या.

भिल्लांच्या चित्रांबद्दल बोलायचं तर भूरीबाईंबद्दल बोलावंच लागतं. त्या पलीकडच्या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या. भोपाळचं भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा त्या तिथे मजूर होत्या, विटा वाहत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. घरच्या परंपरेत पिठोराचा, म्हणजे भिंतीवरच्या पूजेच्या चित्रातला, घोडा काढायचा अधिकार पुरुषांचा, बाईला तो वर्ज्य. मग भूरीबाईंनी इतर सगळं काढलं. झाडं, जनावरं, मोर, घरं, आणि ठिपके. गोंदणाचे असतात तसे, ओळीने. पुढे त्यांनी स्वतःचं आयुष्यच भोपाळच्या जनजातीय संग्रहालयाच्या भिंतीवर रंगवलं. त्यात डोक्यावर ओझं घेतलेली मजूर बाई आहे, आणि ती भूरीबाईच आहे. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या हातांनी त्या इमारतीसाठी विटा वाहिल्या त्याच हातांनी पुढे चित्रं काढली, हे मी वर्गात नेहमी सांगते. आता त्या मुली बाजारात दिसल्यावर ते अधिक नीट सांगता येईल.

परतीच्या गाडीत अमळनेरहून फोन आला. विद्यार्थिनीने ठरवलं आहे की ती कानबाईचे चेहरे जमा करणार. घरोघरच्या म्हाताऱ्या बाया डोळे कसे काढतात, नाक कशाचं करतात, कुणाकडून शिकल्या, सगळं लिहून घ्यायचं आणि चेहऱ्याखाली काढणारीचं नाव घालायचं. या वर्षी शेजारच्या तीन घरांचे फोटो तिच्याकडे आहेत. धरणगाव आणि पारोळ्याला तिच्या मावश्या आहेत, तिथून विचारून ठेवणार आहे. बहिणाबाईंच्या घरात वही धरणारं कुणीतरी होतं, या घरांत आता ही असेल. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईसाठी मी पुन्हा जाणार आहे, आणि तोवर तिची ती कापडातली चित्रं आमच्या शाळेच्या सभागृहात लावायची आहेत. मुख्याध्यापिकांशी उद्याच बोलते.